मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा नखाएवढा वायफाय डोंगल, लिनक्सवाल्यांनी घ्यावा का?

आधीच सांगून टाकतो, रोजच्या नेटसाठी काहीतरी शोधत असाल तर हा डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफायचं यंत्र) घेऊ नका. पण विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय, वायफाय दिसत नाहीये, त्याचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट पाहिजे आणि नेट यायला तोच ड्रायव्हर पाहिजे, अशा फेऱ्यात अडकला असाल तर तीनशे रुपयांच्या आत यापेक्षा बरं काही मिळणार नाही.

डोंगलवर कंपनीचं नाव नाही, पाकिटावर नुसतं १५० एमबीपीएस लिहिलंय. आतली चिप मीडियाटेकची एमटी७६०१यू आहे आणि पैसे त्या चिपचेच आहेत असं समजा. हिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आवृत्ती ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे, त्यामुळे शोधायचा नाही, कंपाइल करायचा (सोर्स कोडपासून बनवायचा) नाही, लावला की चालू. फर्मवेअरची (चिपमध्ये चढवायच्या सॉफ्टवेअरची) एक फाइल लागते, ती उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांमध्ये आधीच असते. डेबियन या आणखी एका प्रकाराने १२ व्या आवृत्तीपासून (जून २०२३) असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली, पण तिथे डोंगल इन्स्टॉल सुरू करायच्या आधीच लावून ठेवा, म्हणजे इन्स्टॉलर त्याचं फर्मवेअर आपणहून टाकतो. नंतर लावलात तर पेनड्राइव्हवरच्या फर्मवेअर फोल्डरमधून ते पॅकेज हाताने टाकावं लागेल.

माझ्याकडे प्रकरण आलं मावशीच्या लॅपटॉपचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन जुनं, ११ घेत नाही, आणि मावशीला फक्त यूट्यूब, बँक आणि नातवाचे फोटो एवढंच लागतं, म्हटलं डेबियन टाकून देतो. टाकलं, सगळं छान, फक्त लॅपटॉपच्या आतलं वायफाय गायब. आतली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय -एनएनके ही कमांड मारली तर कार्ड दिसतंय, ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, पण खाली वायफायच्या ड्रायव्हरचं नावच नाही.

आता या कार्डाची गंमत अशी की त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे, आणि ते पॅकेज डेबियनच्या पॅकेज-साठ्यातल्या 'नॉन-फ्री' भागात येतं, 'नॉन-फ्री-फर्मवेअर' मध्ये नाही. त्यामुळे बाकी फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये असलं तरी हे तिथे नसतं. वर डीकेएमएस म्हणजे ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर कंपाइल होणार, त्याला कर्नलचे हेडर्स (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली), जीसीसी, मेक ही कंपाइलची साधनं हे सगळं लागणार, आणि हेडर्स तुमच्या चालू कर्नलचेच पाहिजेत, यूनेम -आर या कमांडला जो नंबर येतो तोच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डेब फाइली (डेबियनची पॅकेजं) उतरवून पेनड्राइव्हने आणता येतात, नाही असं नाही, पण ते लग्नाच्या आमंत्रणासारखं आहे, एका काकांना बोलावलं की बाकीच्या काकांनाही बोलवावं लागतं, एक पॅकेज चार मागतं आणि ती चार आणखी मागतात.

डोंगल असला की हा सगळा ताप वाचतो. सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) नॉन-फ्री जोडलं, अपडेट मारलं, पॅकेज टाकलं, बी४३, बीसीएमए आणि एसएसबी ही आडवी येणारी मॉड्यूल्स काढली, मॉडप्रोब डब्ल्यूएल करून नवा ड्रायव्हर चढवला, आणि आतलं वायफाय जिवंत. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर मात्र इथे थांबावं लागतं, कारण घरी कंपाइल केलेल्या मॉड्यूलवर डेबियनची सही नसते. मोकयुटिल या कमांडने सहीची चावी नोंदवायची, रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते तिथे एन्रोल करायचं. डोंगलच्या ड्रायव्हरला हे काही लागत नाही, तो कर्नलबरोबरच सही होऊन येतो, म्हणून तर तो अडीअडचणीला चालतो.

आता खरं बोलायचं तर अँड्रॉइड फोन हेच काम फुकटात करतो. केबल लावा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने पुढे देणं) चालू करा, लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं, आणि बऱ्याच फोनवर घरचं वायफायसुद्धा त्याच केबलमधून पुढे जातं, म्हणजे डेटा पॅकही खर्च होत नाही. आधी हेच करून बघा. मावशीकडे ते जमलं नाही कारण घरातल्या सगळ्या केबल नुसत्या चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या. आणि तुम्ही मिंट टाकत असाल आणि कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर डोंगलचे पैसेही वाचवा, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, नेटशिवाय होतं.

तक्रारी भरपूर आहेत. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि मावशीची गिरगावातली चाळ म्हणजे भिंतीभिंतीला राउटर. एकमेकांवर न चढणारे चॅनल मोजून तीन, १, ६ आणि ११, त्यावर अख्खी चाळ बसलेली, त्यामुळे ते १५० पाकिटावरच राहतात. संध्याकाळी सगळे घरी आले की व्हिडिओ गोल फिरत बसतो. हॉटस्पॉट करता येत नाही, या ड्रायव्हरमध्ये ती सोयच नाही. जरा वेळ चालला की चांगला गरम होतो. निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका, त्या पोर्टाच्या गोंगाटाचा २.४ वर परिणाम होतो, साध्या पोर्टात लावा.

दुकानाबद्दल. काउंटरवरचे शेठ 'लिनक्स? सब चलेगा' म्हणाले, हे ते टोस्टरबद्दलही म्हणतील. पण त्यांच्याकडचा पोरगा हुशार निघाला, मी लॅपटॉप काढल्यावर म्हणाला, 'लावून बघा ना दादा, मग पैसे द्या.' यूएसबीला लावलेलं दाखवणाऱ्या एलएसयूएसबी कमांडमध्ये १४८एफ:७६०१ हा याच चिपचा नंबर आला, घेतला. हे करणं फार गरजेचं आहे, कारण नाव तेच राहतं आणि आतली चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या, व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१, लिनक्सवाल्यांची लाडकी, आणि व्हर्जन २ पासून रिअलटेकची वेगळीच चिप. दिसायला तोच डोंगल! काही डोंगल लावल्यावर आधी विंडोज ड्रायव्हरची सीडी म्हणून दिसतात, ते दिसलं तर घाबरू नका, इजेक्ट करा, मग वायफाय म्हणून उठतो.

पाचपैकी चार, एक गरम होण्याबद्दल कापला. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत जा, लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) बरोबर ठेवा आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.