ताराचकती घेताय? आधी तिच्यावरचा अक्षांश वाचा

ताराचकती म्हणजे तारीख आणि वेळ लावली की त्या घटकेचं आभाळ दाखवणारी फिरती तबकडी. ती घेताना कंपनी, छपाई, किंमत हे सगळं नंतर बघा. आधी पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला अक्षांश शोधा. नागपूर 21 अंश उत्तरेच्या किंचित वर आहे. चकतीवर ‘20 ते 30 अंश उत्तर’ असं काही लिहिलेलं असेल तरच ती आपल्या कामाची.

मी मानेवाड्याला राहते, शाळेत सातवी-आठवीला भूगोल शिकवते. सीताबर्डीच्या स्टेशनरीच्या दुकानांत पृथ्वीचे गोल हवे तेवढे मिळाले, ताराचकती कुणाकडेच नव्हती. मग ऑनलाइन मागवली. पहिली आली ती 45 अंशांसाठी बनवलेली, आणि विकणाऱ्याने वर्णनात त्याचा उल्लेखच केलेला नव्हता. दिसायला देखणी, पण तिच्यात अगस्त्य नाही! व्याधानंतर आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा तो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभं राहा. वर व्याध, त्याच्या खाली साडेतीन मुठी अगस्त्य, क्षितिजापासून दीडेक मूठ वर. (हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंशांची भरते.) 45 अंशांवरून अगस्त्य उगवतच नाही, म्हणून त्या चकतीत त्याला जागा नाही. विदर्भातल्या पोराला ती चकती देणं म्हणजे त्याच्या डोक्यावरचं निम्मं दक्षिण आभाळ झाकून टाकणं.

दुसरी मागवली ती 20 ते 30 अंशांची, दोन्ही बाजूंनी छापलेली. परीक्षण हिचंच आहे. चारशेच्या आसपास पडली.

आतल्या तबकडीवर तारे आणि कडेने तारखा, वरच्या थराला खिडकी आणि कडेने तास. आजची तारीख आत्ताच्या वेळेसमोर आणायची. खिडकीत जेवढे तारे उरतात तेवढेच ह्या घटकेला क्षितिजाच्या वर असतात. एक बाजू उत्तरेची, एक दक्षिणेची. त्यामुळे एकाच बाजूच्या चकतीत दक्षिणेची नक्षत्रं ताणून फाकतात, तसं हिच्यात होत नाही. वृश्चिक खरोखर विंचवासारखा दिसतो.

पहिली कसोटी ध्रुवाची. एप्रिलच्या रात्री साडेनऊ-दहाला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. पुलह आणि क्रतू, म्हणजे चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे, जोडायचे, तेच अंतर क्रतूच्या बाजूने पाचपट पुढे न्यायचं, की ध्रुव. माझे वडील उमरेडकडचे शेतकरी. त्यांनी चकती हातात घेतली आणि म्हणाले, ‘हे तं खाटलं आहे ना माय, अन् हे तीन चोर.’ सप्तर्षींचा चौकोन म्हणजे खाट, शेपटीचे तीन तारे म्हणजे चोर. त्यांना चकतीची गरजच नव्हती. पण एक गोष्ट चकतीनेच नीट दाखवली. परदेशी पुस्तकांवरून उतरवलेल्या मजकुरात सप्तर्षी कधी मावळत नाहीत असं वाचायला मिळतं. नागपुरात ते मावळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी चकती फिरवा, खिडकीतून सप्तर्षी जवळजवळ गायब होतात आणि वर पाच ताऱ्यांची, M सारखी दिसणारी शर्मिष्ठा आलेली असते. त्या दिवसांत उत्तर शोधायची ती तिच्यावरून.

ध्रुव सापडला की पुढचं काम मुलांना फार आवडतं. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, मध्यबिंदूतून सोडलेला दोरा आणि त्याला बांधलेला नट. स्ट्रॉमधून ध्रुव धरायचा, दुसऱ्याने दोरा कुठे आला ते वाचायचं आणि 90 मधून वजा करायचं. माझ्या गच्चीवर कुणाचं उत्तर 19 आलं, कुणाचं 24, आणि सगळ्यांची सरासरी 21च्या अगदी जवळ. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. उत्तरेकडे एक अंश चुकलात तर नागपूर सोडून शिवनीच्या रेषेवर गेलात, दक्षिणेकडे चुकलात तर चंद्रपूरच्या अलीकडे. हे सांगितल्यावर वर्गातली पोरं दोरा हलू नये म्हणून श्वास धरून उभी राहतात.

हिंदी महासागरातले अरब आणि भारतीय खलाशी हेच करत. त्यांच्याकडे ‘कमाल’ नावाची लाकडी फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी असायची. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर. आपल्या बंदराची गाठ ठरलेली. ध्रुव त्या गाठीला जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं आणि मग त्याच अक्षांशावरून सरळ बंदर गाठायचं. पोस्टकार्ड आणि सुतळी घेतली की वर्गात कमाल तयार होतो.

आता चकतीची खरी गंमत, जी तिच्यासोबतच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकली आहे. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, म्हणजे मिर्झापूरजवळचं. नागपूर 79.1वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या साधारण 14 मिनिटं मागे. घड्याळात नऊ वाजले असतील तर चकती 8:46ला लावायची. मुंबईकरांना 38 मिनिटं वजा करावी लागतील. तोच अगस्त्य, तीच रात्र, पण तो दक्षिणेला सर्वात उंच येतो ते मुंबईत नागपूरपेक्षा सुमारे 25 मिनिटं उशिरा. त्या 25 मिनिटांना 4 ने भागा, दोन शहरांच्या रेखांशांतला फरक हाती येतो. समुद्रावर रेखांश काढायचं तत्त्वही हेच: घड्याळात निघालेल्या बंदराची वेळ, आभाळावरून जहाजावरची वेळ, आणि दोन्हींतला फरक. म्हणून तर हिंदकळणाऱ्या जहाजावरही बिनचूक चालणाऱ्या घड्याळासाठी जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने आयुष्य घातलं. त्याचं चौथं घड्याळ 1759 मध्ये पूर्ण झालं. आठवीच्या मुलांना रेखांश आणि वेळ हे गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं, पण ते पक्कं बसलं ते ही 14 मिनिटं वजा करताना.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. तो म्हणाला, ‘मावशी, आम्हाला जीपीएस असलं तरी सेक्स्टंट शिकावाच लागतो.’ सेक्स्टंट म्हणजे तारा आणि क्षितिज यांच्यातला कोन मोजायचं उपकरण. त्यासाठी नाविक पंचांगात 57 तारे निवडलेले असतात, शिवाय ध्रुव वेगळा. मोजणी संधिप्रकाशातच करायची, कारण तेव्हाच तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेघही. रात्री क्षितिज हरवतं, दिवसा तारे. कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर जहाज एक सागरी मैल, 1852 मीटर, चुकतं. त्या 57 तल्या बऱ्याच ताऱ्यांना आपण रोहिणी, चित्रा, स्वाती, श्रवण, ज्येष्ठा म्हणून आधीच ओळखतो. पण चकतीवर एकही मराठी नाव नाही. मी बारीक पेंट-पेनने लिहून घेतली, तुम्हीही लिहा.

बाकी तक्रारी. काही रेघा लाल शाईत आहेत. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन बांधतो, त्या उजेडात नेमक्या ह्याच रेघा नाहीशा होतात. तारखांचे आकडे चाळिशीवाल्यांना वाचता येणार नाहीत. आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, प्लास्टिक वाकतं आणि तबकडी अडकायला लागते. ग्रह हिच्यात नाहीत, पण तो दोष नाही. ग्रह जागा बदलतात, ते छापता येत नाहीत. ‘मॅडम, एवढा मोठा तारा ह्यात कसा नाही?’ असं एका मुलीने विचारलं. तो गुरू होता. असे प्रश्न पडावेत म्हणून तर चकती द्यायची.

मोबाइल अॅप का नको? अॅप नाव सांगतं, हिशोब करू देत नाही. शिवाय गच्चीवर लोखंडी कूलर, टाकीचं स्टँड, स्लॅबमधल्या सळया. त्यांच्याजवळ फोनचं होकायंत्र हमखास भरकटतं. ग्रह ओळखायला अॅप जरूर वापरा, तिथे ते चांगलं.

शिकायला शहरातली गच्ची बरी, हे माझं ठाम मत. सिल्लारीकडे पेंच व्याघ्र प्रकल्पात आभाळ अप्रतिम आहे. जानेवारी 2024 मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून आभाळ जपलेली जागा, म्हणून जाहीर झाला. पण तिथे इतके तारे दिसतात की चकतीवरचे ठळक तारे त्या गर्दीत हरवतात. आधी गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघा, मग महिना-दोन महिने गच्ची, आणि पेंच त्यानंतर.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला चकतीची दक्षिण बाजू वर करा. त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा क्रूस, तेव्हा उभा असतो. वरचा तारा क्षितिजापासून मूठभर, खालचा अर्धी मूठ. तो उभा असताना त्याच्या बरोब्बर खाली दक्षिण. मानेवाड्यातून बुटीबोरीकडच्या उजेडामुळे खालचा तारा कष्टाने दिसतो, बेसाच्या पुढे मोकळ्या जागी गेलात तर सोपं जाईल.

पाच मुलांमागे एक चकती पुरते. शाळेसाठी घेणार असाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मागवा. पावसाळा लागला की तिचा उपयोग थेट ऑक्टोबरात.