महापेची नाइट शिफ्ट की खराडीचं क्लाउड? दोन ऑफर शेजारी ठेवून

माझ्या भाच्यानं सांगलीला बीएस्सी कॉम्प्युटर केलं. जूनमध्ये त्याच्या हातात एकदम दोन ऑफर आल्या आणि रात्री साडेदहाला मामाला फोन. पहिली नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरमधली: एल-वन (पहिल्या पायरीचा) ॲडमिन, व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि विंडोज सर्व्हर सांभाळायचे, शिफ्ट फिरती. दुसरी पुण्याच्या खराडीतली: क्लाउड सपोर्ट ट्रेनी, बहुतेक एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड, म्हणजे भाड्यानं मिळणारे सर्व्हर), थोडं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युअर, दिवसाची शिफ्ट, पण पहिले सहा महिने नुसता स्टायपेंड. मी आठ वर्षं पहिल्या कामात काढली, गेली सहा दुसऱ्यात आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, अशा पेचात बरेच जण असतात म्हणून.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "व्हर्च्युअलायझेशन जुनं, क्लाउड नवं" असं कॉलेजात शिकवतात. व्हीएमवेअरचं ईएसएक्स 2001 मध्ये आलं, एडब्ल्यूएसचं ईसी-टू (भाड्याच्या सर्व्हरची सेवा) 2006 मध्ये, त्यामुळे वयानं ते खरं आहे. पण ईसी-टूचा पायाच व्हर्च्युअलायझेशनचा. सुरुवातीला ते झेनवर चालायचं (झेन, केव्हीएम, हायपर-व्ही ही सगळी व्हर्च्युअलायझेशनचीच सॉफ्टवेअरं), 2017 पासून केव्हीएमवर बेतलेल्या नायट्रोवर. गूगलचं कम्प्युट इंजिन केव्हीएमवर, अ‍ॅझ्युअर हायपर-व्हीच्या घराण्यातलं. दोन्हीकडे एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात अनेक मशिनं कोंबलेली असतात. महापेत तो सर्व्हर तुमच्या ताब्यात, खराडीत तो तुम्हाला कधी दिसणारही नाही.

रोजचं काम

महापेत शिफ्ट सुरू झाली की आधी हँडओव्हरचा मेल, मग व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या कंट्रोल पॅनेलमधले लाल-पिवळे अलार्म, मग बॅकअप रिपोर्ट. कुठला डेटास्टोअर (मशिनांच्या डिस्क ठेवायची जागा) भरत आलाय, कुठल्या होस्टची (लोखंडी सर्व्हरची) मेमरी तुंबलीय ते बघायचं. शनिवारी रात्री चेंज विंडो, म्हणजे बदल करायची ठरलेली वेळ. होस्ट मेंटेनन्स मोडला टाकायचा, त्यावरच्या व्हीएम (आभासी मशिनं) चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर सरकतात, मग पॅच आणि रीबूट. चालू मशिन अशी सरकताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पिंगचा एखादाच पॅकेट पडला होता, आणि मला खरोखर जादू वाटली होती. अधूनमधून हातात टॉर्च घेऊन रॅकपाशीही जावं लागतं.

खराडीत टिकेटं वेगळी. "ॲक्सेस डिनाइड येतंय", "लोड बॅलन्सरमागचं मशिन अनहेल्दी दाखवतंय", "हे बिल एवढं कसं आलं". निम्मा वेळ परवानग्यांचं कोडं सोडवण्यात जातो. कुणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या पॉलिसी वाचायच्या, पोर्ट कुठल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांत) अडकलाय ते शोधायचं. सहा-आठ महिन्यांनी टेराफॉर्म हातात येतं, आणि मग सर्व्हर 'उभा करणं' म्हणजे फाइल लिहून गिटमध्ये (कोड साठवायच्या जागी) टाकणं. कोड लिहायचा कंटाळा असेल तर इथे फार पुढे जाता येत नाही. महापेत पॉवरशेलच्या चार स्क्रिप्टांवर काही जणांनी दहा वर्षं काढलेली मी पाहिली आहेत. ही चांगली गोष्ट नाही, पण वस्तुस्थिती आहे.

चूक झाली की काय होतं

खरा फरक मला इथे दिसतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या डेटाबेस सर्व्हरवर पॅच टाकण्याआधी मी स्नॅपशॉट घेतला. पॅच नीट बसला, मी घरी गेलो, स्नॅपशॉट काढायचा राहिला. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते आणि नंतरचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाऊ लागतं. डेटाबेस बिचारा दिवसरात्र लिहीत होता. बाराव्या दिवशी रात्री अडीचला डेटास्टोअर भरला आणि त्यावरच्या ज्या ज्या मशिनला जागा हवी होती ती जागच्या जागी थांबली. माझी एकटी नव्हे, शेजारच्या टीमच्याही. व्हीसेंटर प्रत्येक मशिनसाठी शांतपणे विचारत होतं, जागा नाही, रीट्राय की कॅन्सल? ब्रिज कॉलवर, म्हणजे तातडीच्या सामूहिक फोनवर, सतरा माणसं. स्टोरेजवाल्यानं लन (स्टोरेजचा नेमून दिलेला तुकडा) वाढवून दिली आणि मी एकेका मशिनला रीट्राय करत बसलो. पहाटे चारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. सकाळी साहेबांनी चहा पाजला आणि मग जे बोलायचं ते बोलले.

क्लाउडमधली माझी चूक आवाज न करता झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी एक चाचणीचा आरडीएस (एडब्ल्यूएसवर भाड्यानं मिळणारा) डेटाबेस मी 'स्टॉप' केला आणि गावी गेलो. थांबवलेला आरडीएस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. कुठलाही अलार्म वाजला नाही, कुणाचा फोन आला नाही, सगळं अगदी छान चालू होतं. महिनाअखेरच्या बिलात ते दिसलं. या वेळी ब्रिज कॉल नव्हता, फायनान्सचा मेल होता, माझ्या मॅनेजरच्या मॅनेजरला सीसी करून.

महापेत जागा संपते, मेमरी संपते. रॅकमध्ये आहे तेवढ्यातच भागवायचं असतं, म्हणून माणूस जपून वापरायला शिकतो. खराडीत जागा कधी संपतच नाही, संपतं ते बजेट. तिथे तुम्ही नको ते पुसून टाकायला आणि खर्च मोजायला शिकता. दुसरी सवय आज बाजारात जास्त विकली जाते. पहिली सवय असलेल्या माणसाला दुसरी लवकर लागते असा माझा अनुभव आहे, उलट दिशेनं मात्र फारसं होताना पाहिलेलं नाही.

व्हीएमवेअरचं भविष्य

भाच्याचा मुख्य प्रश्न हाच होता. "मामा, ते बंद पडतंय म्हणतात."

बंद पडत नाहीये, महाग झालंय. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता फक्त सबस्क्रिप्शन, तीही प्रोसेसरचे कोअर मोजून. फेब्रुवारी 2024 मध्ये फुकटचं ईएसएक्सआय (ईएसएक्सचं पुढचं रूप) काढून घेतलं, ज्यावर माझ्यासारखे निम्मे ॲडमिन घरी शिकले होते. एप्रिल 2025 मध्ये ते गुपचूप परत आणलं. इतक्यात बऱ्याच कंपन्यांनी न्यूटॅनिक्स, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स हे पर्याय पारखायला घेतले, काहींनी सरळ क्लाउडची वाट धरली.

माझ्या मते नवशिक्याला ही वाईट बातमी नाही. घर बदलायचं तर जुन्या घरात कुठलं सामान कुठे आहे हे माहीत असलेला माणूस लागतो, आणि हे हलवाहलवीचं काम अजून काही वर्षं चालेल. धोका आहे तो नुसती व्हीएमवेअरची बटणं शिकणाऱ्याला. व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग), स्टोरेजचे मार्ग, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा), लिनक्स हे खालचं शिकून घेतलं तर वरचं नाव बदलल्यानं फारसं बिघडत नाही.

आणि क्लाउड तरी कुठे निर्धास्त आहे? 20 ऑक्टोबर 2025 ला एडब्ल्यूएसचा व्हर्जिनियातला रीजन (डेटा सेंटरांचा समूह) डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएसमधल्या गडबडीनं आडवा झाला, तेव्हा आमच्या टीमकडे करण्यासारखं एकच काम होतं: स्टेटस पेज रिफ्रेश करणं. महापेत निदान धावायला रॅक असतो. सगळं क्लाउडवरच जाणार हेही गृहीत धरू नका. बेसकॅम्प हे ॲप बनवणाऱ्या 37सिग्नल्स कंपनीनं 2022 मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि स्वतःचे सर्व्हर घेतले. आपल्याकडच्या बँका अजून बरंच काही स्वतःच्या डेटा सेंटरात ठेवून आहेत. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितला. पण तेवढ्यावरून तो डेटा महापेलाच येईल असं समजू नका. अ‍ॅझ्युअरचा पुण्यातला रीजन 2015 चा, एडब्ल्यूएसचा मुंबईतला 2016 चा, दोन्ही भारतातच.

शिकण्याचा खर्च

व्हर्च्युअलायझेशन शिकायला एक जुना डेस्कटॉप पुरतो. लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड घ्या, रॅम 32 जीबी करा, प्रॉक्समॉक्स फुकट आहे. हवं तितकं मोडा, फार तर विजेचं बिल येईल.

क्लाउड शिकायला मशिन लागत नाही, कार्ड लागतं. एडब्ल्यूएस नव्या खात्याला क्रेडिट देतं, पण पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. पब्लिक आयपी, नॅट गेटवे असल्या गोष्टी वापरा न वापरा, तासावर पैसे खातात. एडब्ल्यूएसच्या सॉल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची परीक्षा 150 डॉलरची आणि सर्टिफिकेट तीन वर्षांचं. अ‍ॅझ्युअरचं एझेड-104 सर्टिफिकेट दरवर्षी नूतनीकरण मागतं, मात्र ते ऑनलाइन आणि फुकट आहे. डम्प्स (फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून पास होणारे खूप आहेत. मी मुलाखती घेतो, दुसऱ्या प्रश्नाला कळतं. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेला मी जास्त मान देतो, कारण तिथे पर्यायाला टिक करायची नसते, मशिन प्रत्यक्ष चालवून दाखवावं लागतं.

मग कुणी काय घ्यावं

घरात पैशाची लगेच गरज नसेल, कोड लिहायला आवडत असेल, नेटवर्किंग कॉलेजात बऱ्यापैकी झालं असेल, तर खराडी. स्टायपेंडचे सहा महिने सोसा.

बाकीच्यांना मी महापे सांगेन, पण दोन वर्षांच्या वर नाही. नाइट शिफ्टचा सूड शरीर नंतर उगवतं, आणि एल-वनची टिकेट-कॉपी-पेस्टची कामं आता स्क्रिप्टाच करू लागल्या आहेत. दोन वर्षांत होस्ट, स्टोरेज, नेटवर्क हाताखालून घालायचे, रिकाम्या रात्री टेराफॉर्म शिकायचं आणि बाहेर पडायचं.

सही करण्याआधी दोन्हीकडे एचआरला नव्हे, टीम लीडला विचारा: प्रॉडक्शनचा (गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरांचा) ॲक्सेस किती महिन्यांनी मिळतो? स्क्रिप्ट कोण लिहितं, तुमची टीम की बंगळुरूची? बाँड आहे का, आणि सोडलं तर किती भरायचे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका.

भाच्यानं हे प्रश्न दोन्हीकडे विचारले. खराडीवाले बाँडच्या आकड्याचा मेल पाठवतो म्हणाले, तो मेल आलाच नाही. सध्या तो कोपरखैरण्याला कॉट बेसिसवर राहतो, रात्री दहाच्या शिफ्टला रिक्षानं महापेला जातो. परवा पहाटे त्याचा मेसेज आला: "मामा, एक स्नॅपशॉट सापडलाय, 47 दिवसांचा. काढू का?" मी लिहिलं, थांब, आधी डेटास्टोअरवर जागा किती शिल्लक आहे ते सांग.