देवपुरातलं घर आणि बुडालेली दलाली

धुळ्यात घर-प्लॉटच्या व्यवहारात 14 वर्षं काढली, तरी मी फसलो. या धंद्यात नव्याने उतरलेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

देवपुरात एका निवृत्त गृहस्थांना वडिलोपार्जित घर विकायचं होतं. दोन्ही बाजूंनी 1 टक्का दलाली, तोंडीच ठरली. माणूस वयाने मोठा, ओळखीतून आलेला. लिहून मागायला मला संकोच वाटला. पुढे घर दाखवायला न्यावं तर कधी चावी मुलाकडे, कधी घरात पाहुणे. कागद मागितले की "लॉकरमध्ये आहेत." शेवटी मिळकत पत्रिका मीच काढली, तर तिच्यावर दोन बहिणींचीही नावं! त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय अख्ख्या घराचं खरेदीखत होणार कसं? मी नंदुरबारला जाऊन थोरल्या बहिणीची समजूत घातली. मसुदा वकिलाकडून करून घेतला, त्याचे पैसेही मीच भरले.

मग शिरपूरचं एक कुटुंब आणलं. तिसऱ्यांदा घर पाहायला आले तेव्हा मालकांनी अंगणात त्यांचा नंबर घेतला. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प राहिलो.

आठ दिवसांनी मालकांचा फोन: "भाऊ, आम्हले आते घर इकनं नही." गिऱ्हाईकही फोन उचलेना. मी विषय सोडून दिला.

आखाजीच्या आधी त्या गल्लीतून जात होतो. गच्चीवर धोतर अंथरून एक म्हातारी ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. गिऱ्हाइकाची आई! पोटात गोळाच आला. इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, काढला: मला नकार दिल्यानंतर चौथ्या दिवशी 38 लाखांना खरेदीखत, आणि त्याच्या आदल्या दिवशी बहिणींचं हक्कसोडपत्र. माझे 76 हजार तर गेलेच, पण मालक मला तोंडावर म्हणाले, "तुम्ही फक्त दार दाखवलं." ते अजून सलतं.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "लेखी काय आहे?" तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करायला माझ्या हातात काहीच नव्हतं. रेराचा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा, कायदा नोंदणीकृत प्रकल्पांचा. जुन्या घराच्या व्यवहारात तिथे दाद मागता येत नाही.

आता दलाली, मुदत आणि "दाखवलेल्या गिऱ्हाइकाला सहा महिन्यांत परस्पर विकलं तरी दलाली देणं लागेल" हे वाक्य, एवढं लिहून मालकाची सही घेतो. गिऱ्हाइकाची सही तारखेसह भेटीच्या वहीत, आणि त्याचं नाव त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर. नंबर मागणारा, कागद लपवणारा मालक दिसला की तिथेच थांबून स्पष्ट बोला. बहिणींची नावं तर पहिल्याच दिवशी तपासा.

गेल्या आठवड्यात एक मालक सहीला तयार झाले नाहीत. घर चांगलं होतं, गिऱ्हाईकही हाताशी होतं. चावी टेबलावर ठेवली आणि निघालो.