बॅचचे पाच लाख कॉलेजला कसे द्यावेत? कायम ठेव, दरवर्षीची मदत, वस्तू की थेट खात्यात

आमच्या बॅचला यंदा पंचवीस वर्षं होतात. बडोद्यात राहिलेले आम्ही अकरा जण आणि पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेले बाकीचे, असे मिळून पाचेक लाख रुपये जमतील असा अंदाज आहे. ते आपल्या कॉलेजला द्यायचे, इथवर सगळ्यांचं एकमत. कसे द्यायचे यावर मात्र तीन रविवार गेले. एकाला कायमची ठेव ठेवून आपल्या दिवंगत सरांच्या नावाने शिष्यवृत्ती हवी आहे. एकीला ग्रंथालयासाठी खुर्च्या आणि संगणक द्यायचे आहेत. एक जण म्हणतो, संस्थेला मध्ये आणूच नका, मुलांच्या खात्यात टाका. हिशेबाचं काम माझं रोजचंच, त्यामुळे चौकशी माझ्याकडे आली. तुमच्या बॅचपुढेही हाच प्रश्न असेल, तर मला जे कळलं ते इथे मांडते आहे.

आमचं कॉलेज म्हणजे घुमटाचं. १८८१ साली ते बडोदा कॉलेज म्हणून सुरू झालं, इमारत रॉबर्ट चिझम यांनी आखली, आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा ते त्यात आलं. अरविंद घोष इथे शिकवायचे, विनोबा इथे इंटरला होते. पण दान कसं करावं हे मला ज्या हकिकतीतून कळलं, ती या कॉलेजात न शिकलेल्या माणसाची आहे.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा ११.५० पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकतानाही दरबाराकडून त्यांना महिन्याला २५ रुपये मिळत होते. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार. १९१७ च्या सप्टेंबरात करारानुसार ते बडोद्यात आले आणि त्यांना राहायला जागाच मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते कसेबसे राहिले. ते उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं, आणि त्या दिवशी ते कमाटीबागेत एका झाडाखाली बसून रडले. तिथे आज संकल्पभूमी हे स्मारक आहे. समुद्रापार शिकायला पैसे मिळाले, पण आपल्या बडोद्यात पाठ टेकायला खोली मिळाली नाही. मी लहानपणापासून त्या बागेत फिरायला जाते, आणि कोणी ‘फी भरली की झालं’ म्हणालं की मला ते झाड आठवतं.

मुलगा किंवा मुलगी कॉलेजात टिकते ती फी, खोली, मेस, बसचा पास आणि पुस्तकं या सगळ्यांवर. तुमचा पैसा यातल्या कशापर्यंत पोचतो आणि कधी पोचतो, हे मी प्रत्येक वाटेला विचारलं.

कायम ठेव आणि दरवर्षीची मदत

खरी निवड या दोघींतच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कायम ठेवीचं आकर्षण मला पूर्ण कळतं. मुद्दल शाबूत राहतं, व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला मदत होते, सरांचं नाव आपल्या पश्चातही घेतलं जातं. आता आकडे बघा. पाच लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये आले. ते सगळे वाटून टाकले तर मुद्दल पाच लाखांवरच थांबतं आणि महागाई पुढे जाते. ६ टक्के महागाई असेल तर साधारण बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात, म्हणजे तुमची शिष्यवृत्ती निम्म्या किमतीची उरते. ही घसरण निदान निम्म्याने कमी करायची तर व्याजातले ३ टक्के, म्हणजे १५,००० रुपये, परत मुद्दलात टाकायला हवेत. मग हातात उरतात २०,०००.

अमेरिकेतली मोठी विद्यापीठं आपल्या निधीतून वर्षाला चार-पाच टक्केच खर्च करतात, ते याच कारणाने. पण त्यांचे निधी अब्जावधी डॉलरचे असतात. आपल्या पाच लाखांचे चार टक्के म्हणजे एका विद्यार्थ्याची एका सत्राची मेस, फार तर दीड सत्राची.

हीच रक्कम पाच वर्षांत संपवायची असं ठरवून बँकेत ठेवली, तर त्याच व्याजाने दर जूनमध्ये १ लाख १४ हजारांच्या आसपास देता येतात. मेस आणि पुस्तकांपुरती मदत धरली तरी तीन विद्यार्थी त्यात सहज बसतात. कायम ठेवीतून एवढी एकूण रक्कम मुलांच्या हातात पडायला एकवीस वर्षं लागतात. मी दोनदा मांडून पाहिलं.

ठेवीची दुसरी अडचण हिशेबात दिसत नाही, ती मी घरी पाहिली आहे. माझ्या आजोबांनी साठच्या दशकात एका शाळेत हजार रुपये ठेवले होते, गणितात पहिल्या येणाऱ्याला व्याजातून बक्षीस द्यावं म्हणून. तेव्हा बक्षीस पन्नास रुपयांचं, त्यात एक जाडजूड शब्दकोश येई. मी नव्वदच्या दशकात वडिलांबरोबर त्या शाळेत गेले. कारकुनांनी लाल कापडी पाठीचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत आजोबांच्या नावावर आणलं. रक्कम तीच, पन्नास रुपये. गेली चार वर्षं पाकिटात फक्त प्रमाणपत्र जात होतं, कारण पन्नास रुपयांचा चेक काढायला कुणाला सवड नव्हती. वडील काही बोलले नाहीत. घरी येताना सुरसागर तलावाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिले. तिथे कोणी पैसे खाल्ले नव्हते. फक्त रक्कम वाढवण्याची सोय कागदात लिहिलेली नव्हती, आणि ती विचारायला आमच्या घरातून वीस वर्षं कोणी फिरकलं नव्हतं.

ठेवीतून सुवर्णपदक द्यावं असंही कुणी सुचवेल, त्याबद्दल स्पष्टच सांगते. पदकाला माझा विरोध नाही. पण ते पहिल्या आलेल्याला मिळतं, तेही पदवीदानाच्या दिवशी, म्हणजे शिक्षण पार पडल्यावर. दुसऱ्या वर्षाला एका विषयात नापास होऊन एटीकेटी लागली म्हणून जिची शिष्यवृत्ती थांबली, तिला त्याचा काही उपयोग नाही. सरकारी योजनांचंही बरंचसं असंच आहे. गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत बारावीला ८० पर्सेंटाइल लागतात आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असावं लागतं. योजना चांगली आहे, तिने पुष्कळ मुलं शिकली. पण ७२ पर्सेंटाइलची, छोटा उदेपूरकडच्या गावातून आलेली, घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच मुलगी या जाळ्यातून खाली पडते. तिला सावरणं माजी विद्यार्थ्यांनाच जमेल, कारण आपल्यावर कुणी टक्केवारीची अट घातलेली नाही.

अशी एक मुलगी दोन वर्षं आमच्या समोरच्या घरात पेइंग गेस्ट होती. महिन्याच्या वीस तारखेनंतर ती संध्याकाळची जेवत नसे. विचारलं की म्हणायची, ‘काकू, उशिरा नाश्ता झाला.’ तिची फी माफ होती. सरकारी शिष्यवृत्ती मंजूरही होती, पण खात्यात पडली ती फेब्रुवारीत. जून ते फेब्रुवारी हे नऊ महिने तिने कसे काढले, ते तिच्या टेबलावरच्या वहीत होतं: शेंगदाणे २०, पास, झेरॉक्स ८, पुन्हा शेंगदाणे २०. कॉलेजच्या कागदांवर ही मुलगी ‘लाभार्थी’ होती.

म्हणून दरवर्षीच्या मदतीत मला रकमेइतकीच वेळ महत्त्वाची वाटते. जूनमध्ये मिळालेले आठ हजार मार्चमध्ये मिळालेल्या वीस हजारांपेक्षा जास्त कामाचे. आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने परत करायची, अशी सोय ठेवली तर तेच पैसे पुढच्या वर्षी पुन्हा फिरतात.

या वाटेची खोट अशी की पाच वर्षांनी निधी संपतो. तेव्हा पुन्हा सगळ्यांना फोन करावे लागतात, आणि पहिल्या वर्षीचा उत्साह तेव्हा नसतो. हे खरं आहे आणि त्यावर युक्ती नाही. कुणातरी दोघांनी ते काम अंगावर घ्यावं लागतं.

वस्तू द्यायच्या तर

खुर्च्या, संगणक, पाण्याचा कूलर, वाचनकक्षातले पंखे. डोळ्याला दिसतं, पाटी लागते, फोटो निघतो. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मी उन्हाळे काढले आहेत, त्यामुळे तिथला बरा पंखा किती मुलांच्या कामी येतो ते मला माहीत आहे. पण संगणक चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, आणि कूलरचा फिल्टर बदलायला वेगळा पैसा कुणी ठेवत नाही. वस्तू द्यायचीच असेल तर किमतीच्या निदान पाव हिस्सा रक्कम देखभालीसाठी बाजूला ठेवा. जुन्या दगडी इमारतीच्या डागडुजीत पाच लाखांनी हात घालू नका. ते जाणकारांचं आणि फार मोठ्या पैशाचं काम आहे.

थेट मुलांच्या खात्यात

सर्वांत जलद वाट हीच. मध्ये कुणी नाही, दुसऱ्या दिवशी पैसे पोचतात. अचानक आजारपण आलं किंवा बाप गेला, तर मीही असंच करेन, आणि केलंही आहे. पण नेमाने करायचं असेल तर दोन गोष्टी खुपतात. निवड आपल्या ओळखीतूनच होते. आपल्या ओळखीत दांडियाबाजार-रावपुऱ्यातली आपलीच मराठी घरं जास्त, डभोई-पावी जेतपूरकडची मुलं कमी. दुसरं म्हणजे, घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड माहीत असतं. वर्गमित्राच्या बाबांनी आपली मेस भरली, हे ओझं एकोणीस वर्षांच्या मुलाने का वाहावं? आणि करात सवलत तर यात नाहीच.

कागदपत्रं, थोडक्यात

देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, म्हणून बँकेतूनच पाठवा. नवी करपद्धत घेतली असेल तर ही वजावट मिळत नाही, आमच्यातल्या निम्म्यांना हे ऐकून धक्का बसला.

परदेशातल्या मित्रांचं आधी विचारून घ्या. ज्याच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्याचा पैसा कायद्याने परकीय देणगी ठरतो, मग तो बडोद्याच्या मांडवीत जन्मलेला का असेना. असा पैसा घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. हे पक्कं होईपर्यंत न्यू जर्सीचे आकडे आपल्या बेरजेत धरू नका.

मी काय सुचवलं

२०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी जमवले. हे आकडे बैठकीत कुणीतरी काढतं आणि मग आपले पाच लाख सांगायलाही लोक संकोचतात. संकोच करायचं काही कारण नाही, फक्त मोठ्या रकमांची पद्धत उचलू नका. कायम निधी मोठ्या रकमेला शोभतो. माझ्या हिशेबाने पंचवीस लाखांच्या वर जात असाल तर ठेव ठेवा, त्यातला काही व्याजाचा भाग मुद्दलात परत जाईल आणि दर पाच वर्षांनी शिष्यवृत्तीची रक्कम तपासली जाईल, असं लेखी घ्या. त्याखाली असाल तर पाच वर्षांची मदत. सरांचं नाव तिलाही देता येतं.

आमच्या बॅचपुढे मी हेच ठेवलं: दरवर्षी तीन विद्यार्थी, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे, मेस, खोली, पास आणि पुस्तकांसाठी. फी त्यात नाही. निवड दोन प्राध्यापक आणि वसतिगृहाच्या रेक्टर यांनी करायची, आमच्यातल्या कुणी त्यात बसायचं नाही. कायम ठेवीच्या बाजूचा आमचा मित्र शेवटपर्यंत नाराज होता. सरांचा लाडका विद्यार्थी तो, त्याचं दुखणं मला समजतं. पण मसुद्यातल्या दोन ओळी त्याच्याच आहेत. एका एटीकेटीमुळे मदत बंद होणार नाही. आणि रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मेसच्या खात्यात गेलेली असेल, म्हणजे वीस तारखेनंतर कुणाला उशिरा झालेल्या नाश्त्याचं निमित्त सांगावं लागणार नाही.