आपोआप लागणारं दार: उन्हाळ्यातली दुरुस्ती पावसाळ्यात किती टिकली

गुढीपाडव्याच्या सुमारास मधल्या खोलीच्या दारावर तीन उपाय केले होते: बिजागरीमागं पट्टी, बिजागरीची एक वाकवलेली पिन (दोन पानं जोडणारी दांडी) आणि फरशीवर चुंबकाचा स्टॉपर. आता दिवाळीही होऊन गेली. कडक ऊन, वळीव आणि अख्खा पावसाळा या दारानं काढलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. तिन्हींत सगळ्यात स्वस्त असलेली पट्टीच सगळ्यात कामाची निघाली. ज्या स्टॉपरवर जास्त पैसे गेले, तो वेगळ्याच दुखण्यावरचा इलाज आहे.

आमचं घर सांगलीत गावभागात. 2019 च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता. सागवानी दार टिकलं, पण लोखंडी बिजागऱ्या गंजत गेल्या. शेवटी गेल्या वर्षी त्या काढून बेअरिंगवाल्या स्टीलच्या बसवल्या आणि त्या दिवसापासून दार आपोआप लागायला लागलं. बिजागऱ्याच खराब निघाल्या असं घरात सगळ्यांचं मत पडलं. प्रकार नेमका उलटा होता. जुन्या बिजागऱ्यांत गंजामुळं घर्षण एवढं होतं की दार कुठंही अडून राहायचं. नव्या गुळगुळीत आल्या आणि चौकटीचा मुळातला कल उघडा पडला. करकरणाऱ्या बिजागरीला तेल घातल्यावर दार लागायला लागतं, तेही याच कारणानं.

सुतारकाकांनी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि एका वाक्यात निकाल दिला, "दाराला काय झालं न्हाई, चौकट गुण्यात हाय, पर ओळंब्यात न्हाई." चौकटीचे कोपरे काटकोनात होते, पण अख्खी चौकटच कडीच्या बाजूला झुकलेली. सात फुटांत साधारण पाच मिलिमीटर. डोळ्याला हे दिसत नाही. पण बिजागऱ्यांची रेघ वरून ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला दाराचं वजन ओढलं जातं. आमच्याकडं ती बाजू म्हणजे लागलेलं दार.

ओळंबा चौकटीच्या दोन्ही अंगांनी लावून बघा, हे मुद्दाम सांगतो. झुकाव कडीच्या बाजूला असेल तर पट्टीचा उपयोग होतो. भिंतच पुढं किंवा मागं कलली असेल तर पट्टी घालून काही होत नाही, तिथं बिजागरी काढून बाजूला सरकवूनच बसवावी लागते. ते काम सुताराचंच.

पट्टी म्हणजे सनमायकाचे तुकडे, बिजागरीच्या पानाच्या मापाचे कापलेले. एक तुकडा सुमारे मिलिमीटरभर जाडीचा. खालच्या बिजागरीमागं दोन, मधल्या मागं एक, वरच्या मागं काहीच नाही. मधलीला निम्मी पट्टी द्यायचीच, नाहीतर तिन्ही पिना एका रेषेत राहत नाहीत आणि दार करकरतं. पुठ्ठाही चालतो म्हणतात, पण आमच्याकडच्या ओलीत तो दबतो. सनमायका आजवर तशीच आहे.

एवढ्यानं निम्म्याहून जास्त कल गेला. सगळाच का नाही काढला? कारण खालची बिजागरी जेवढी पुढं येते तेवढी कडीकडची फट कमी होते, आणि लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं. उंचीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा त्रास रुंदीचा. चैत्रात नेमकं बसवलेलं दार श्रावणात खांदा लावून उघडावं लागतं. काकांनी फट राखली ते बरं केलं. आषाढात दार खालच्या कोपऱ्यात जरा घासलं, पण रंधा मारायची वेळ आली नाही.

उरलेला कल वाकवलेल्या पिनेनं धरला, ती बिजागरीत घट्ट घासते आणि घर्षणानं दार अडून राहतं. बेअरिंगच्या बिजागरीची पिन निघत नव्हती, म्हणून मधली तेवढी बदलून पिन निघणारी साधी लावली. पिन दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवून मधोमध हातोडीचा हलका ठोका. वाक दिसेल न दिसेल इतकाच, जास्त झाला तर पिन परत आत जात नाही. पहिले दोन महिने दार जिथं सोडाल तिथं उभं राहायचं. मग घासून घासून पकड सैल पडली, बिजागरीखाली काळी भुकटी दिसायला लागली आणि गणपतीच्या आधी पिन काढून पुन्हा ठोकावी लागली. काम पाच मिनिटांचं, पण अधूनमधून करावं लागणार हे धरून चाला.

आता चुंबक. गणपती पेठेतून घेतला, दोनशेच्या आतबाहेर. वाऱ्यापुढं पट्टी आणि पिन दोन्ही निकामी ठरतात. वळवाच्या आधी सुटणारा वारा पुढच्या दारातून शिरून परसदारानं निघतो, तेव्हा ओळंब्यातलं दारही धाडकन आपटतं. तिथं चुंबकच लागतो, आणि तो धरतोही चांगला. फक्त आईला तो सोडवायला जोर लावावा लागतो, तिनं तक्रारही केली. फरशीला भोक पाडताना टाइलचं बिट वापरा, ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवा, वर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. रोजच्या पोछ्यानं स्क्रू गंजू लागलेत, ते स्टीलचे टाकायला हवेत. आधी चिकटवायचा स्टॉपर आणला होता, तो पोछ्याच्या पाण्यानं आठवड्यात निघाला. रबरी पाचर शहाबादी फरशीवर टिकते, गुळगुळीत टाइलवर घसरत जाते.

घरात लहान मूल असेल तर आतली उभी कडी आधी तपासा. सैल कडी दार आपटल्याच्या धक्क्यानं खाली घसरून अडकते, आणि मूल आत असलं तर बाहेरच्यांची तारांबळ उडते. आमची नात रांगायला लागल्यावर आम्ही ती कडी बदलूनच टाकली.

सांगलीकरांसाठी आणखी एक. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या, उथळ पायाच्या घरांत त्याबरोबर भिंती आणि चौकटी थोड्या हलतात. म्हणून मार्चमध्ये घेतलेलं माप कायमचं समजू नका. परवा ओळंबा पुन्हा लावला तर आमची चौकट पाडव्यापेक्षा किंचित सरळ निघाली, उन्हाळ्यात ती परत झुकेल असा माझा अंदाज आहे.

स्वयंपाकघराचं दार याच्या उलट आहे, ते आपोआप उघडतं. तिथं पट्टीही उलटी: वरच्या मागं दोन, मधल्या मागं एक, खालच्या मागं काही नाही. सनमायकाचे तुकडे उरलेत, काका संक्रांतीनंतर येतो म्हणालेत.