मनालीत घ्या, लेहला सोपवा: एकेरी भाड्याच्या मोटारसायकलचा अनुभव

पुण्या-मुंबईहून स्वतःची मोटारसायकल घेऊन लेहपर्यंत जाणाऱ्यांसमोर प्रवास संपताच एक नीरस प्रश्न उभा राहतो: त्याच खिंडी पुन्हा ओलांडून परतायचे, की गाडी ट्रकने पाठवून घरी तिची वाट पाहत बसायचे? मनालीतील काही दुकाने यासाठी एकेरी भाड्याची सोय देतात. अशाच एका दुकानाकडून मी रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन घेतली आणि लेहला त्यांच्या माणसाच्या ताब्यात दिली. गाडी माघारी आणण्याचा खर्च ग्राहकाकडूनच वसूल होत असल्यामुळे दर चढा आहे; तरीही मोजकी रजा असलेल्यांनी तो द्यावा, असे माझे मत आहे.

या रस्त्यासाठी गाडी योग्य आहे. पुढचे २१ इंची चाक आणि जमिनीपासूनचे २२० मिलिमीटर अंतर बारालाचा खिंडीच्या आसपास रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांत फार उपयोगी पडते. ५,३२८ मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे इंजिन तिथे दमते. मात्र फ्युएल इंजेक्शन असल्याने इंधनाचे प्रमाण विरळ हवेनुसार आपोआप जुळते. वाटेतल्या टांडी गावच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा प्रसिद्ध फलक आहे. प्रत्यक्षात लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे, कारूला, पेट्रोल मिळते. १५ लिटरच्या टाकीवर तेवढी मजल होऊ शकते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किती जळेल याचा नेम नसतो, म्हणून दुकानाने न मागता दिलेले दोन कॅन मला मोलाचे वाटले.

पंक्चर किटच्या बाबतीत मात्र दुकानाने निष्काळजीपणा केला. हिमालयनची चाके तारांची असून टायरमध्ये ट्यूब असते आणि पिशवीत निघाले ते ट्यूबलेस टायरचे किट. निघण्यापूर्वी जादा ट्यूब आणि टायर लिव्हर मागून घ्यावेत.

सेवेची खरी परीक्षा लेहला होते. उपशीपासून सिंधूच्या काठाने रस्ता गुळगुळीत असल्यामुळे गाडी वेळेत पोहोचवणे अवघड नव्हते, परंतु तपासणीत लेग गार्डवरच्या पोच्यावरून डिपॉझिट अडले. मनालीत ताबा घेताना केलेले चित्रीकरण दाखवल्यावर पूर्ण रक्कम परत मिळाली आणि तिथल्या माणसाने वाद वाढवला नाही, हेही नोंदवायला हवे.

बाहेरून भाड्याने आणलेली मोटारसायकल लेहमधील स्थानिक भाडे-संघटना खारदुंग ला, नुब्रा किंवा पँगाँगकडे नेऊ देत नाही. दुकानाने हे पैसे घेण्यापूर्वीच सांगितले होते, त्यामुळे पुढच्या प्रवासासाठी लेहमध्ये दुसरी गाडी घेण्याचा खर्च आधीच धरता आला.