जे बेअरिंग गाडीत नाहीच, ते बदलल्याचं बिल

गाडी २०१० ची पोर्शे बॉक्स्टर, सेकंड हँड, २.९ लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर. या गाडीचं इंजिन सीटच्या मागेच असतं, त्यामुळे बारीक आवाजही थेट कानात शिरतो. सकाळी थंड गाडी सुरू केली की कोरडी घरघर यायची. रेस दिली की ती चढायची, इंजिन तापलं की जरा उतरायची.

पुण्याजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मालकाने मागे कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सर, आयएमएस बेअरिंग गेलंय. आता चालवलीत तर अख्खं इंजिन भंगारात." पाठोपाठ मोबाइलवर फुटलेल्या इंजिनांचे व्हिडिओ, एका ताटलीत तेलात चमकणारा चुरा. तो चुरा माझ्याच गाडीचा कशावरून, हे देव जाणे.

ही भीती हवेतली नाही, म्हणूनच ती विकली जाते. जुन्या बॉक्स्टर आणि पोर्शेच्याच ९११ च्या इंजिनांत क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो दांडा) कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) फिरणं पोचवायला मधे एक शाफ्ट असतो, इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस. त्याच्या टोकाचं बेअरिंग निकामी झालं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खेळ खलास. २००१ ते २००५ दरम्यानच्या गाड्यांवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. इंटरनेटवर शोधलं की हेच सगळं समोर येतं आणि गॅरेजवाल्याचं बोलणं पटतं. खाली कुठेतरी लिहिलेलं असतं की २००९ च्या मॉडेलपासून इंजिनच नवीन आलं आणि त्यात तो मधला शाफ्टच नाही. चेन थेट क्रँकवरून. शाफ्ट नाही तर बेअरिंग कुठलं?

मी १,८५,००० रुपये मोजले. बिल कच्चं, त्यावर "आयएमएस बेअरिंग चेंज, गिअरबॉक्स अप-डाऊन, लेबर". पार्ट नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा पडेल सर". जुना पार्ट मागितला तर "कंपनीला परत जातो". घरघर मात्र खरोखर थांबली होती.

पावसाळा लागायच्या आत ती परत आली.

मग हडपसरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी सीटमागचं कारपेट आणि पत्र्याचं झाकण काढलं, लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक एकेका पुलीच्या बोल्टला लावलं. मग बेल्टच उतरवला. "पाण्याचा पंप फिरणार नाही, थंड आहे तोवरच," म्हणत काही सेकंद इंजिन चालवलं. घरघर गायब. बेल्ट चढवला, घरघर हजर. दोष बेल्टला वळण देणाऱ्या आयडलर पुलीच्या बेअरिंगचा. पुली हातात घेऊन फिरवली तर वाळू भरल्यासारखी खरखरत होती. तिच्या कडेला तेलकट ओघळ होता. "कुणीतरी स्प्रे मारलाय. ग्रीस धुऊन जातं, चार दिवस गप्प बसतं, मग दुप्पट ओरडतं," काका म्हणाले. नवी पुली काही हजारांत बसली.

काकांनीच गाडी रॅम्पवर घेऊन गिअरबॉक्सचे बोल्ट दाखवले. जुन्या गाड्यांत ते बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. माझ्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा मळ तसाच घट्ट बसलेला, पान्याची एक खूण नाही. तिथेच फोटो काढले.

तेव्हा कुणी आयएमएसचं नाव काढलं तर आधी चासी नंबरातलं दहावं अक्षर बघा. नऊचा आकडा म्हणजे २००९, इंग्रजी ए म्हणजे २०१०, आणि तिथून पुढच्या बॉक्स्टरला हा आजारच नाही. गाडी जुनी असेल तर बेल्ट उतरवून आवाज तपासायला लावा आणि ऑइल फिल्टर तुमच्यासमोर काढून त्याच्या घड्या उलगडायला सांगा. लोखंडाचा चुरा असेल तर चुंबकाला चिकटेल. दुसऱ्या कुठल्या ताटलीतला चुरा बघूच नका.

तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग वकिलामार्फत नोटीस. गॅरेजचं उत्तर आलं आहे: बिलात "टायपिंग मिस्टेक" झाली, बदललं ते क्लचचं बेअरिंग होतं. क्लचसाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. बोल्टांचे फोटो जिल्हा आयोगातल्या तक्रारीला जोडले आहेत.